पांढरी पथरी

धार लावायची पथरी फुटली त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. हे माझं नशीब म्हणायचं की दुर्दैव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी असतं तर आवाज ऐकून आलं असतं, माझ्या पाठीत एक धपाटा बसला असता, थोडी रडारड झाली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण आई शेजारच्या आळीत पापड लाटायला गेली होती, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पेणच्या बाजारातल्या आपल्या सलूनमध्ये होते. मागच्या दारी न्हाणीजवळच्या पायरीवर बसून मी वस्तऱ्यांना धार लावत होते. शेवटचा वस्तरा पुसून मिटला, पथरी धुवायला उचलली आणि ओल्या हातातून ती निसटली. फार उंचावरून नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. पायरीच्या कडेवर आपटली. आवाज कपबशी फुटते त्याहूनही लहान झाला. खाली बघितलं तर तीन तुकडे, आणि मधल्या मोठ्या तुकड्यावरून पापुद्र्यासारखे थर सुटलेले. मी तो तुकडा उचलून वस्तरा एकदा फिरवून बघितला. मधेच कच्चकन अडकला.

ती पथरी आजोबांची. वीतभर लांब, चार बोटं रुंद, शेवाळी रंगाची आणि मधे किंचित खोलगट झालेली. कुठल्या डोंगरातली, कुणी आणलेली, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे दोन दगड असत. एक लाल, जरा खरबरीत, धार बसली की ती उठवायला. आणि दुसरी ही पथरी, अगदी शेवटचा हात फिरवायला. लाल दगडाने वस्तरा कापायला लागतो, पथरीने तो माणसाच्या गालाला सोसेल असा होतो, असं अण्णा सांगायचे. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस वेळा उलटसुलट ओढायचा. पट्ट्याचा एक आवाज असतो. धार चांगली असली की सप्प, सप्प असा भरीव येतो, आणि नसली की तेच चामडं खरखरतं. अण्णा डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "पट्टा बोलतोय." आमच्या घरी रेडिओ होता, पण सकाळचं पहिलं गाणं ते पट्ट्याचंच.

धार लावण्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. अण्णांना जवळचं दिसेनासं झालं होतं. धारेवर उजेड धरून बघितला की जिथे ती बोथट असते तिथे बारीक पांढरी रेघ चमकते. ती रेघ त्यांना दिसत नव्हती. चष्मा घ्या म्हटलं की म्हणायचे, "चष्मेवाल्या न्हाव्यापुढं गळा कोन धरील?" दाढी करताना त्यांना डोळ्यांची फारशी गरज पडत नसे, तिथे बोटं बघायची. पण दगडावर डोळे लागतात. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. एक दिवस त्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला आणि पाठ दगडावरून उचलू नको एवढंच सांगितलं. दोन महिन्यांत मी त्यांच्याहून बरी धार लावायला लागले. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर फिरणारा वस्तरा न्हाव्याच्या पोरीने लावलाय, हे पेणात तेव्हा कुणाला रुचलं नसतं. मला मात्र त्याचा भयंकर गर्व होता. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि तेही मिरवता येत नव्हतं.

म्हणून मी बोलले नाही. खरं कारण एवढंच आहे, आणि या वयात ते लपवण्यात अर्थ नाही. अण्णांनी मला कधी हात लावला नव्हता. माराची भीती नव्हतीच. पथरी फोडली म्हणून ते काम काढून घेतील, ही भीती होती. शिवाय दसऱ्याला ते त्या पथरीला झेंडूचं फूल वाहायचे आणि कपाळाला लावायचे. ते तीन तुकडे मी जुन्या परकराच्या फडक्यात बांधले आणि वालाच्या कणगीमागे सरकवले. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी परत उद्यावर टाकलं.

पुढचे दहाबारा दिवस मी नुसत्या लाल दगडावर वस्तरे लावले. पट्ट्यावर जास्त वेळ ओढून ते भागेल अशी माझी अक्कल. पहिल्याच सकाळी अण्णांनी पट्टा ओढला आणि थांबले. पट्ट्याला तेल लावलं, पुन्हा ओढला. "आज बोलत नाय गो," ते म्हणाले. मी चुलीपाशी होते. थापता थापता माझ्या हातची भाकरी परातीतच फाटली. त्या दिवशी त्यांनी एका शाळामास्तरांचा कान खरचटवला. आणखी दोन दिवसांनी एक जुनं गिऱ्हाईक, आमच्याकडे वर्षानुवर्षं बसणारं, दाढी अर्धी झाल्यावर गाल चोळत म्हणालं, "आज ओढतोय रे." अण्णा हे घरी येऊन सांगायचे. तक्रार म्हणून नाही, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. जेवायला बसले की उजवा हात पुढे धरायचे, दारातल्या उजेडात, बोटं पसरून. सुकटीचं कालवण ताटात निवत असायचं. हात थरथरतोय का ते बघायचे. तो जराही थरथरत नव्हता. हे मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं, आणि मी समोर बसून भात कालवत होते.

"हात जातोय माझा," एकदा ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "काय जातोय. वारं लागलं आसंल. तेल चोळते." आणि तिने खरंच राईचं तेल कोमट करून त्यांचा हात चोळून दिला. एका चांगल्या धडधाकट हाताला माझ्या आईने आठवडाभर तेल चोळलं. मी वाटी धरून उभी राहायचे. मला त्या तेलाचा वास आजही सहन होत नाही. लोणच्याला फोडणी द्यायची वेळ आली की मी सुनेला पुढे करते, आणि ती समजते की सासू आळशी झाली.

अशात गडब गावाहून हिराजीकाका आले. हिराजीकाका म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे गिऱ्हाईक, भाताची आणि वालाची शेती असलेले, आवाज असा की आमच्या ओटीवर बोलले तर नाक्यावर कळावं. त्यांच्या सुनेला आठ वर्षांनी मूल झालं होतं. नवस, डॉक्टर, सगळं करून झालेलं. त्या नातवाचं जावळ काढायचं होतं. अण्णा नको म्हणाले. हात बरा नाही, दुसऱ्याला बोलवा, असंही म्हणाले. हिराजीकाकांनी ऐकून घेतलं नाही. "माझं जावळ तुझ्या बापानं काढलं, माझ्या पोराचं तू. आता नातवाला काय परका मानूस लावू?" अण्णांनी मान डोलावली. तोपर्यंत खरचटलेल्या कानांची गोष्ट होती. बाळाच्या टाळूची हाडं जुळलेली नसतात. तिथली कातडी खालीवर होताना दिसते. मी लहान असताना एका बाळाच्या टाळूवर बोट ठेवून बघितलं होतं आणि रडत पळाले होते.

जावळाचा वस्तरा आमच्याकडे वेगळा असे. दुकानाचे दोन धारेला घरी असत, दोन दुकानात, आणि हा निराळा, शिंगाच्या मुठीचा, हळदीने पिवळ्या झालेल्या फडक्यात गुंडाळलेला. तो मोठ्या माणसाच्या दाढीला कधी लागायचा नाही, दहाव्याच्या मुंडणाला तर नाहीच. बाळाच्या पहिल्या केसांखेरीज त्याने काही कापायचं नाही, असा आमच्यातला रिवाज. वर्षातून पाच-सात वेळा तो फडक्यातून बाहेर यायचा. तो लाल दगडावर लावायची माझी छाती होईना. दुसरी पथरी पाहिजे होती, आणि ती अण्णांना न कळता.

माझी मावशी रोह्याला दिली होती. तिला भेटून येते म्हटल्यावर आईने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "एकदम मावशी कशी आठवली?" पण पोह्याचे पापड आणि सुकटीची पुरचुंडी बांधून दिली. दुकानाचा एक वस्तरा मी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. एसटी वडखळवरून गडबला आली तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसले. हिराजीकाकांचं घर रस्त्यावरून दिसत नाही, तरीही.

रोह्याच्या बाजारात एका चाचांचं दुकान होतं. सुतारांची पटाशी, गवंड्यांची थापी आणि कंपन्यांतले फिटर लोक न्यायचे ते बारीक दगड, असं सगळं त्यांच्याकडे मिळायचं. मी वस्तरा लावायला दगड पाहिजे म्हटलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि फळीवर तीन दगड मांडले. सगळे कारखान्यात बनवलेले. डोंगरातला एकही नाही. पहिला काळपट, दोन बाजूंचा. त्यावरून नख ओढलं तर नखाचा भुगा झाला. तो मी बाजूला सारला. दुसरा विटकरी, गुळगुळीत, पाणी टाकलं की घटाघट प्यायचा. तिसरा पांढरा. पांढरा म्हणजे खडीसाखरेसारखा, थंड, आणि पाणी त्याच्यावर थेंबाथेंबाने उभं राहत होतं, आत जातच नव्हतं. मी बोट फिरवलं तर काही लागलंच नाही. मी चाचांना विचारून विटकरी दगडावर वस्तरा फिरवला. ओला, मऊ आवाज आला, घरच्या पथरीच्या जवळचा. मग पांढऱ्यावर फिरवला. आवाजच नाही. दोन्ही वेळा डोक्यातला एक केस उपटून धारेवर धरला. विटकरी दगडावरच्या धारेने तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुटला होता. पांढऱ्यावरच्या धारेने नुसता टेकला तोच दोन झाला.

"हा फार बारीक हाय," चाचा म्हणाले. "पलीकडच्या अष्टमी गावचा एक न्हावी घेऊन गेला होता. आठ दिवसांत परत आणला. बोलला, चावतो."

मला हसू आलं. धार फार चांगली लागते अशी तक्रार घेऊन येणारा न्हावी म्हणजे आपलं काम न येणारा न्हावी, असं मला वाटलं. पापड लाटून माझ्याकडे जे साठलं होतं ते सगळं देऊन मी पांढरा दगड घेतला. मावशीकडे चहा प्यायले, कुंडलिकेच्या पुलावर मासळीचा वास घेतला आणि परतीच्या गाडीत दोन आठवड्यांत पहिल्यांदा डुलकी काढली. मला आज त्या मुलीची दया येते. तिला वाटत होतं की भीती संपली.

दुसऱ्या दिवशी आई-अण्णा नसताना मी घरातले तिन्ही वस्तरे पांढऱ्या दगडावर लावले. जावळाचा सर्वांत शेवटी, एकेक ओढ मोजून. उजेडात धरला तर धार दिसतच नव्हती, आणि न दिसणं हीच धारेची खूण. संध्याकाळी अण्णांनी दुकानाचा वस्तरा पट्ट्यावर ओढला आणि सप्प असा आवाज आला. पहिल्यापेक्षा थोडा बारीक, वरच्या पट्टीतला, पण भरीव. अण्णांनी डोळे उघडले. आईला हाक मारली. "ऐकलंस? बोलला." त्यांनी हात पुढे धरला आणि मुठीची उघडझाप केली. तेलाने गुण आला, असं आई म्हणाली. ते त्या दिवशी वालाच्या बिरड्याबरोबर तीन भाकऱ्या जेवले. जावळाचा वस्तरा रिवाजाप्रमाणे पट्ट्यावर ओढून फडक्यात गेला. तो कुणाच्या गालावर लावून बघण्याचा प्रश्नच नव्हता.

जावळ दुसऱ्याच दिवशी होतं. अण्णांनी सकाळी अंघोळीआधी स्वतःची दाढी केली. भिंतीवरच्या आरशासमोर, दुकानाच्या वस्तऱ्याने, नेहमीसारखी, बोलता बोलता. मी पाण्याची वाटी बदलायला गेले तर त्यांच्या हनुवटीखाली लाल रेघ उमटत होती. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. आरशात दिसल्यावर त्यांनी बोट लावलं, मग बोटाकडे बघितलं. जबड्यावर आणखी एक रेघ उमटली. ज्या माणसाने चालत्या एसटीत पैजेवर दाढी करून दाखवली होती, त्या माणसाने स्वतःला दोनदा कापलं होतं. त्यांनी तुरटीचा खडा फिरवला. मग धोकटी, म्हणजे हत्यारांची ती चामड्याची पिशवी, आवरताना म्हणाले, "गेला गो हात. हिराज्याला शब्द दिलाय म्हणून आजचं येवढं करतो. उद्यापासून दुकान बंद. तू चल माझ्यासंगं. मी चुकतोय असं वाटलं तर सांग."

गाडीत त्यांच्याशेजारी बसले आणि मला सगळं कळलं. कुणी सांगितलं नाही, आपोआप कळलं. त्यांच्या गुडघ्यावर हात होता, आणि तो दगडासारखा स्थिर होता. हात गेला नव्हता. तीस-पस्तीस वर्षं तो हात एकाच पथरीची धार चालवत आला होता. किती दाबलं की कातडी सोसते, हे त्याला त्या पथरीने शिकवलं होतं. लाल दगडाच्या धारेला तो दाब कमी पडला, म्हणून वस्तरा ओढत होता. आणि पांढऱ्याच्या धारेला तोच दाब जास्त होत होता. चावतो, असं अष्टमीचा न्हावी म्हणाला होता. तो बरोबर होता, आणि मी त्याला हसले होते. आणि तीच धार, त्याहून जास्त निगुतीने लावलेली, माझ्या मांडीवरच्या धोकटीत हळदीच्या फडक्यात होती. वडखळ गेलं. सांग, सांग, असं मी स्वतःला म्हणत होते. गाडीत माणसं होती. उतरल्यावर सांगू. उतरलो तर हिराजीकाका स्वतः रस्त्यावर घ्यायला आले होते.

अंगण सारवलेलं, पाट मांडलेला. आतून वड्यांचा आणि खिरीतल्या वेलचीचा वास येत होता. बायकांची गर्दी. बाळाचा मामा पाटावर बसला, बाळ त्याच्या मांडीवर. अकरा महिन्यांचं, गोरंपान, काळ्याभोर कुरळ्या जावळाचं. त्याची आई मंदा मागे उभी होती आणि तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. ओवाळणं झालं. अण्णांनी कोमट पाण्याने केस भिजवले, कात्रीने वरचे उतरवले, ते आत्याने ताटात झेलले. केस कमी झाले तशी टाळू दिसली. ती हलत होती. अण्णांनी फडकं सोडलं, वस्तरा काढला, तळहातावर दोनदा फिरवला. जिभेने च्क च्क असा आवाज काढायला सुरुवात केली. बाळांचं डोकं करताना ते नेहमी तो काढायचे, पाखराला बोलावल्यासारखा. डाव्या अंगठ्याने त्यांनी कातडी ताणली.

"अण्णा, थांबा."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. च्क च्क थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"दगड बदललाय," मी म्हणाले. "आपली पथरी फुटली. माझ्या हातून. दोन आठवडे झाले. हा वस्तरा दुसऱ्या दगडावर लावलाय, तो चावतो. तुमचा हात चांगला हाय अण्णा. हाताला काय झालेलं नाय."

अण्णांनी अंगठा उचलला. वस्तरा बाळापासून लांब नेला, पूर्ण हातभर लांब, आणि माझ्याकडे नाही, वस्तऱ्याकडे बघत राहिले. कुणीतरी बाई म्हणाली, न्हाव्याची पोरगी वस्तरे लावते का, आणि तिला दुसरीने गप्प केलं. मला भुईत गडप व्हावंसं वाटत होतं. तरी मी पळाले नाही. पाय हलतच नव्हते, हे त्याचं खरं कारण.

मग अण्णांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली. "हिराज्या, हा वस्तरा आजपातूर मोठ्या मानसाला लागला नाय," ते म्हणाले. "आता लावतो. तुमाला चालंल?"

उत्तर हिराजीकाकांच्या बायकोने दिलं. "लाव की. पोराला लागन्यापरीस तुला लागलेलं बरं."

दोघंचौघं हसली. अण्णांनी मनगटापासून वस्तरा ओढला, आणि पहिल्याच ओढीला रक्ताची रेघ आली. त्यांनी ती बघितली, मान हलवली. मूठ सैल केली, वस्तरा आणखी आडवा धरला. दुसऱ्या ओढीला एक ठिपका. तिसऱ्याला काही नाही. चौथी, पाचवी, सहावी. कोपरापर्यंत हात स्वच्छ झाला. शेवटच्या ओढी ते डोळे मिटून ओढत होते, आणि मला दिसत होतं की वस्तरा आता नुसता स्वतःच्या वजनावर चाललाय. मग उकळतं पाणी मागवलं, वस्तरा त्यात धरला, पुसला, पुन्हा धरला. आज हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो. उकळतं पाणी आणि तुरटी यापलीकडे आम्हाला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पुढे फेकून द्यायची पाती आली ते बरंच झालं, असं न्हाव्याची मुलगी असूनही मी म्हणते.

ते पुन्हा पाटासमोर बसले. च्क च्क सुरू झालं. मी मंदाच्या शेजारी उभी होते. तिने कधी माझं मनगट धरलं ते मला कळलं नाही. तिची नखं रुतली होती. वस्तरा कपाळाकडून निघाला, टाळूशी आला, आणि तिथून तो असा गेला की बाळाने जांभई दिली. मागचा भाग, कानांच्या कडा, मानेची खळी. पूर्ण डोकं उतरलं तेव्हा त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. हळद लावली तर ते लगेच रडायला लागलं, आणि सगळ्या अंगणाने श्वास सोडला. मी न्हाणीमागे जाऊन ओकले.

जेवण करून आम्ही रस्त्याकडे निघालो. अण्णा पुढे, मी धोकटी घेऊन मागे. त्यांच्या डाव्या हातावर फडकं बांधलेलं होतं. ते आता काम काढून घेतो म्हणतील, याची मी वाट बघत होते. म्हटलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. रस्त्याच्या अलीकडे ते थांबले.

"पथरीचं काय नाय गो. दगड हाय तो, फुटतो," ते म्हणाले. "पन मी रोज हाताकडं बघत व्हतो. तू समोर बसून मला बघत व्हतीस."

एवढंच. त्यांचा आवाज चढला नव्हता. मी रडले, त्यांनी रडू दिलं, मग गाडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान उघडायला निघाले आणि जाताना वस्तरे माझ्या पुढ्यात ठेवले. आईने फुटलेल्या तुकड्यांवरून मला चांगलं महिनाभर ऐकवलं. त्या तेलावरून तर जास्तच. अण्णांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. त्यांनी काढला असता तर तो इतकी वर्षं माझ्यापाशी राहिला नसता.

आता माझा नातू सलून चालवतो. काचेचं दार, गार हवा, आणि वस्तऱ्यात रोज नवं पातं. पण हल्ली दाढ्या राखणारी पोरं हौसेने जुन्या धाटणीचे वस्तरे विकत घेतात, आणि ते लावून द्यायला नातू माझ्याकडे आणतो. कुठून कुठून कुरियरने येतात. तो फोनवरून दगड मागवतो. प्रत्येकावर बारीकपणाचा आकडा, आठ हजार, बारा हजार, आणि सर्वांत मोठ्या आकड्याचा पांढरा दगड सर्वांत चांगला, अशी त्याची समजूत. मी ते दगड मागच्या पायरीवर मांडते, पाणी टाकते, कुठला पाणी पितो आणि कुठला उभं ठेवतो ते बघते, आवाज ऐकते. नवशिक्याच्या वस्तऱ्याला मऊ आवाजाचा दगड, मुरलेल्याच्या वस्तऱ्याला बिनआवाजाचा. नातू म्हणतो, आजी, पांढऱ्यावरच लाव सगळे, लोक खूश होतील. मी लावते माझ्या मनाप्रमाणे. आणि वस्तरा फडक्यात गुंडाळला की वहीच्या कागदावर दोन ओळी लिहून आत ठेवते. हे कशाला, असं नातू विचारतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल. दगड बदलला आहे, असं मी लिहिते. लागलं तर हाताला दोष देऊ नका.